घड्याळजीचा डावा हात

गाठ साधी निघाली. कॅन्सरचा मागमूस नव्हता, आणि घड्याळजीच्या बायकोने भेटेल त्याला धरून धरून ते सांगितलं.

त्याच्या डाव्या छातीत, अगदी वर, हाताकडे जाणाऱ्या नसेवर ती वाढली होती. दुखत नव्हती, खुपत नव्हती. खोकल्यासाठी काढलेल्या एक्स-रेमध्ये सापडली. बायकोने हाय खाल्ली आणि "काढून टाका एकदाची" असं टुमणं लावलं. आता पूर्वीसारखी छाती उघडत नाहीत. बरगड्यांमधून तीन भोकं पाडून दुर्बिणीने काम होतं, तिसऱ्या दिवशी माणूस घरी. झालंही अगदी तसंच.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी सर्जनबाईंनी त्याला एकट्याला बसवून समजावलं होतं. "नुसती गाठ सोलून काढली तर नस वाचते, पण थोडं आवरण मागे राहतं, गाठ परत येऊ शकते. नसेसकट काढली तर कटकट कायमची जाते, पण डाव्या हाताची बोटं कमजोर होतील, आणि ती परत सुधारत नाहीत. तुम्ही काम कोणत्या हाताने करता?"

"उजव्या. सगळी काढा," तो म्हणाला. विचार म्हणून केला नाही पठ्ठ्याने. या धंद्यात स्क्रूड्रायव्हर धरतो तो कामाचा हात. डावा नुसता चिमटा धरून बसलेला असतो, त्याला कोण विचारतो.

दोन महिन्यांनी तो दुकानात बसला. डोळ्याला भिंग लावलं, घड्याळ उघडलं, केसाएवढी स्प्रिंग चिमट्यात धरली आणि ती सुटली. पुन्हा धरली, पुन्हा सुटली. हात बदलून पाहिले, तर डाव्यातला स्क्रूड्रायव्हर थरथरायला लागला. संध्याकाळी त्याने ते घड्याळ गिऱ्हाइकाला परत केलं आणि थाप मारली, "पार्ट मिळत नाही." मग शटर ओढून घेऊन रडला. आयुष्यात त्याला दुसरं काही येत नव्हतं.

घरी बायको रोज त्याची बोटं तेलाने चोळायची. त्या दिवशी चोळता चोळता तिचा बांध फुटला. "मीच तुमच्या मागे लागले. माझंच चुकलं."

तिने उगाच जीव जाळावा हे त्याला बघवेना. "तुझं नाही गं. बाईंनी विचारलं होतं, काम कोणत्या हाताने करता म्हणून. मीच उजवा सांगितला."

तिने डोळे पुसले. सव्वीस वर्षं ती दुपारी जेवण घेऊन दुकानात यायची आणि समोरच्या स्टुलावर बसून त्याचं काम बघायची.

"मग बरोबरच सांगितलंत की," ती म्हणाली. "उजव्यानेच तर करता."

आणि पुन्हा त्याची बोटं चोळू लागली.