सात नंबरच्या तोंडाला माती

मी गोल्फची सात नंबरची स्टिक बोलतेय. लांब लोखंडी दांडा आणि त्याच्या टोकाला तिरकं, चपटं पातं, एवढंच माझं शरीर. गवतावरचा चेंडू उचलून दूर पाठवणं हे माझं काम. कोल्हापुरात कुस्तीचा लंगोट लहान पोरालाही ओळखता येतो. मला मात्र रस्त्यावरून नेलं की कुणीतरी विचारतंच, "पावणं, हे पडदा लावायचं हाय का?"

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला आठवत नाही. समज आली तेव्हा मी तात्यासाहेबांच्या पिशवीत होते. त्यांची शाहूपुरीत गुळाची अडत होती. सकाळी जैन मंदिरात दर्शन घ्यायचं, मग मैदानावर यायचं आणि तिथून पेढीवर जायचं, असा त्यांचा क्रम होता. ते फार चांगले खेळत नसत, पण हरल्यावर त्यांनी मला कधी जमिनीवर आपटलं नाही.

एक्क्याण्णव साली त्यांनी आपल्या नातीला, आदितीला, बरोबर आणलं. ती तेव्हा चौथीत होती आणि मी तिच्या हनुवटीला लागत होते. मग तात्यासाहेब मला उद्यमनगरात आकाराम टर्नरकडे घेऊन गेले.

"तात्या, चांगली वस्तू कापायची म्हणताय?"

"पोरीला वाढायला वेळ लागंल. तवर हिला कमी कर."

आकारामने माझा दांडा वीतभर कापला आणि मुठीला सायकलच्या हँडलचं रबर बसवलं. थोडं दुखलं, पण त्या लहानशा हातात मी नीट मावले.

आदितीच्या आईचं नाव चंदना. त्या पावसाळ्याचे चार महिने घरात पालेभाजीसुद्धा आणत नसत, कारण पानांवर बारीक जीव असतात. एकदा त्या मैदानावर आल्या आणि कुणाच्या तरी फटक्यानं मातीचं ढेकूळ उडालेलं पाहिलं. जाता जाता त्या लेकीला म्हणाल्या, "खेळ की. पण पावसाळ्यात जमीन उकरायची न्हाई हं. खाली जीव असत्यात."

"न्हाई उकरत," आदिती म्हणाली. एवढंच बोलणं झालं.

माझ्यासारख्या स्टिकनं मारताना आधी चेंडू लागतो, मग जमीन, आणि गवताचं सालपट निघतं. आदिती मात्र तांदळातला खडा टिपावा तसा नुसता चेंडू टिपायला शिकली. नियम चार महिन्यांचा होता, पण हाताला सवय एकच लागते. ती बारा महिने तशीच खेळू लागली. क्लबमधले हंबीरराव मिशीतल्या मिशीत हसत ओरडायचे, "ए पोरी, बॉल मारतीस का पुसतीस?" पिशव्या शेजारी शेजारी ठेवल्या की बाकीच्या स्टिकांच्या तोंडाला ओली माती असायची आणि माझं तोंड कोरडं. खरं सांगते, मला लाज वाटायची.

तरीही ती जिंकत गेली. तिची उंची वाढली तसा मला नवा, लांब दांडा मिळाला. तात्यासाहेब गेले. पुण्याचे एक सर तिला शिकवू लागले. ते म्हणायचे, "अगं, जमिनीत घुसव! त्याशिवाय ओल्या मैदानावर तुझा निभाव नाही लागायचा." आदिती मान खाली घालून ऐकायची आणि पुन्हा तसंच टिपायची.

दोन हजार पाच सालच्या पावसाळ्यात बंगळूरला परीक्षेचे सामने होते. कमीत कमी फटक्यांत खेळ संपवून पुढे आलेल्या मुलींना व्यावसायिक खेळाडूचं कार्ड मिळणार होतं. आदितीच्या वडिलांनी, वृषभ यांनी, स्पष्ट सांगितलं होतं, "कार्ड मिळालं तर खेळ. न्हाई मिळालं तर स्थळं बघायची." हंबीररावांनी स्वतःच्या जीपमधून तिला नेलं.

शेवटच्या खेळापर्यंत ती पुढं आलेल्यांत होती. मग तिचा चेंडू घरंगळत एका खड्ड्यात गेला. आधीच्या कुणीतरी माती उडवली होती आणि न बुजवताच पुढे गेलं होतं. तिथून चेंडू टिपता येणार नव्हता. जमिनीत घाव घालायचा, नाहीतर एका फटक्याचा दंड घेऊन चेंडू बाहेर ठेवायचा. दंड घेतला तर कार्ड बहुतेक जाणार होतं. बाहेरच्यांनी सल्ला द्यायचा नसतो, म्हणून हंबीररावांनी तोंडात टॉवेल कोंबला होता.

आदितीनं मला वर उचललं. घाव घाल, असं मला वाटत होतं. तेवढ्यात तिनं खाली पाहिलं. चेंडूला खेटून एक गांडूळ हळूहळू वळवळत होतं.

तिनं मला खाली घेतलं आणि दंड मागितला.

कार्ड एका फटक्यानं गेलं.

कोल्हापुरात परतून घरात शिरताच हंबीरराव म्हणाले, "वहिनी, तुमच्या पोरीनं गांडुळापायी कार्ड घालवलं बघा!"

चंदनाबाईंना काही कळेना. "गांडूळ? उकरायचं न्हाई म्हणून कुणी सांगितलं तुला?"

"तूच."

"मी? कवा?"

"मी चौथीत हुते तवा."

"अगं, जाता जाता बोललेली गोष्ट ती! एकदा तरी विचारायचंस की मला."

"विचारलं असतं तर सोड म्हणाली असतीस."

"म्हणाले असते की!"

"म्हणूनच न्हाई विचारलं."

मग चंदनाबाई नवऱ्याकडे वळल्या. "पोरगी माझ्या शब्दापायी हरली. पाऊस संपल्यावर पुढची परीक्षा हाय, ती देऊ द्या. तवर या घरात स्थळाचं नाव काढायचं न्हाई."

"बरं," वृषभ म्हणाले.

"आणि तू ऐक," चंदनाबाई आदितीला म्हणाल्या. "चातुर्मासात आपले मुनी महाराजबी एकाच गावी ऱ्हात्यात. ते चार म्हैने तू घरी ऱ्हा. बाकीचे आठ म्हैने त्या सरांचं ऐक."

त्या हिवाळ्यात मी पहिल्यांदा जमिनीत घुसले. माती थंड होती. चेंडू सरळ गेला. आदितीनं निघालेलं सालपट उचललं, जागेवर ठेवलं आणि पायानं हलकेच दाबलं. प्रत्येक फटक्यानंतर ती हेच करत राहिली. पुढच्या परीक्षेत तिला कार्ड मिळालं.

ती काही वर्षं व्यावसायिक म्हणून खेळली. एकदा पहिलीही आली. पण पावसाळ्यातल्या स्पर्धा ती सोडायची, म्हणून वर्षाच्या यादीत तिचं नाव कधीच सगळ्यांत वर गेलं नाही. वार्ताहरांनी कारण विचारलं की म्हणायची, "घरी असते तेव्हा." त्यांना ते समजत नसे. मला समजायचं.

आता माझ्या पात्यावरच्या रेघा झिजून सपाट झाल्यात. तिच्याकडे नवी सात नंबर आहे आणि मी दाराआड उभी असते. तक्रार नाही. एकच मागणं आहे. कधी मैदानावर गेलात आणि तुमच्या हातून जमीन निघाली, तर ती परत बसवूनच पुढे जा. मागून कुणाचा तरी चेंडू येत असतो.