कवळीची सरळ धाव

गाडी तिसऱ्यांदा भिंतीवर आदळली तेव्हा मात्र डॉक्टर हबकले. पहिल्यांदा आदळली तेव्हा त्यांनी गल्लीतल्या खड्ड्याला शिव्या घातल्या होत्या, दुसऱ्यांदा वाऱ्याला. आता ना खड्डा, ना वारा. गल्ली झाडून घेतलेली, झाडाचं पान हलत नव्हतं, आणि गाडी सुटली ती झिंगलेल्या माणसासारखी झोकांड्या खात थेट दवाखान्याच्या भिंतीवर. पुढचं एक चाक निखळून घरंगळत गेलं. डॉक्टर हातातल्या रिमोटकडे बघत राहिले. रिमोटवरचं वळवायचं छोटं चाक थरथरत होतं. आपोआप थरथरतंय, असं त्यांना क्षणभर वाटलं. आपोआप कसलं डोंबल! बोटंच थरथरत होती.

हे डॉक्टर दातांचे. खाली दवाखाना, वर घर, आणि जिन्याखालच्या खोलीत त्यांचा गाडीचा संसार. रिमोटच्या गाड्या पुष्कळांनी बघितलेल्या असतात, पण ही वळत-बिळत नाही. दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या करायच्या, हिरवा दिवा लागला की सोडायच्या, आणि एकशे बत्तीस फूट नाकासमोर. बस्स. बघणाऱ्याची पापणी लवायच्या आत खेळ खलास. एवढ्याशा खेळासाठी माणसानं दीड वर्षं खपावं का, असं तुम्ही विचाराल. बायकोनंही विचारलं होतं. डॉक्टर म्हणाले, "तुला नाही कळायचं." झालं! त्या दिवसापासून डॉक्टरीणबाईंनी ते कळून घ्यायचं मनावर घेतलं.

विकतची गाडी आणून पळवणाऱ्यांना डॉक्टर माणसात धरत नसत. त्यांनी सांगाडा काळ्या कार्बनच्या पत्र्यातून कापला, तोही दातांच्या टोप्या कापायच्या चकतीनं. मागचा आस ज्यात फिरतो ते ठोकळे स्वतः घासले. जोर लागल्यावर गाडी मागे उलटू नये म्हणून शेपटीला दोन बारीक चाकांची काठी जोडली. एकेक भाग दवाखान्यातल्या नाजूक काट्यावर तोलला, आणि जिथं वजन उगीच वाटलं तिथं भोक पाडलं. गाडीचं वजन त्यांना स्वतःच्या लग्नाच्या तारखेपेक्षा पक्कं पाठ होतं. सोळाशे चाळीस ग्रॅम.

गाडीवरचा टप मात्र बाईंच्या हातचा. लग्नाआधीपासून त्या कवळ्या बनवत. दवाखान्याच्या सगळ्या कवळ्या कित्येक वर्षं त्यांनीच केलेल्या. त्यांनी प्लास्टरचा साचा केला, वर कापड आणि राळ चढवली, आणि रंग दिला तो घरात होता तोच, हिरड्यांचा गुलाबी. शर्यतीच्या मैदानावरच्या टारगट मंडळींनी पहिल्याच दिवशी गाडीचं नाव ठेवून टाकलं, कवळी. बाईंना एक खोड होती. वस्तूची जी बाजू जन्मात कुणाला दिसणार नाही, तीसुद्धा त्या घासून घासून लखलखीत करायच्या. "डोळ्यांना नसेल दिसत, जिभेला कळतं," म्हणायच्या. टपाची आतली बाजूही त्यांनी तशीच चमकवली. तिथं कुणाची जीभ जाणार होती, देव जाणे.

दुसरी गोष्ट दवाखान्यात येणाऱ्याजाणाऱ्यांच्या थट्टेची होती. दातांच्या डॉक्टरची बायको खुर्चीला घाबरायची! ड्रिलचा आवाज आला की वर जाऊन दार लावून बसायची. खालची एक दाढ दोन वर्षं किडलेली होती, पण कुणाला हात लावू देईल तर शपथ.

मुलगी त्याच दवाखान्यात दुसऱ्या खुर्चीवर काम करायची. लोक तिला धाकट्या डॉक्टर म्हणत. महिन्यापूर्वी तिच्या डोळ्यांदेखत बाबांचं ड्रिल दाढेवरून घसरलं आणि पेशंटच्या गालाला आतून चाटून गेलं. थोडक्यात निभावलं. पेशंट गेल्यावर तिनं दार लावलं.

"बाबा, आता पुरे. हात थरथरतोय तुमचा."

"हातावर झोपलो होतो रात्री."

"रोज झोपता?"

डॉक्टरांचा पारा चढला. उभा जन्म ज्या हातावर पोट भरलं, त्याच्यावर पोटची पोर बोट ठेवते म्हणजे काय! चिडून बोलून गेले, "महिन्यानं शर्यत आहे. तोवर ड्रिलला हात लावत नाही. तिथं कवळी शेवटच्या रेषेपर्यंत सरळ नेली, तर तू ह्या विषयावर तोंड उघडायचं नाही. नाही नेली, तर ड्रिल तुझ्या हातात देईन आणि परत मागणार नाही."

"जायरो न लावता?"

हा जायरो म्हणजे काडेपेटीएवढी डबी. गाडी वाकडी जायला लागली की ती आपणहून चाकं सरळ करते. मैदानावरच्या निम्म्या गाड्यांत असायची. तिथं गाड्या तोलून घेणारा एक काटेवाला होता, तोही डॉक्टरांच्या किती दिवस मागे लागला होता, लावा म्हणून.

"कुबड्या घेऊन पळणाऱ्यातला मी नव्हे," डॉक्टर म्हणाले.

मुलगी कबूल झाली. तिचा हिशेब सरळ होता. बाबांना जगात कुणी पटवू शकणार नाही, पण त्यांनी स्वतः केलेली गाडी पटवेल. बाई जिन्यात उभ्या राहून सगळं ऐकत होत्या.

आणि आता शर्यत दोन दिवसांवर आली असताना कवळी भिंतीला डोकं टेकून पडली होती. मुलगी दारात आली, पडलेलं चाक तिनं उचललं.

"बघितलंत ना, बाबा?"

"शर्यत रविवारी आहे. आज नाही," डॉक्टर म्हणाले. पण आवाजात दम नव्हता. शनिवारी दुपारपर्यंत त्यांनी चाक बसवलं, टप चढवून स्क्रू आवळले आणि न जेवता जाऊन आडवे झाले.

रविवारी सकाळी एका बंद कारखान्यासमोरच्या डांबरी पटांगणात शर्यत होती. पट्टा झाडून त्यावर चिकट द्रव फवारला होता, बूट उचलताना चर्र आवाज यायचा. बाई कधी नव्हे त्या बरोबर आल्या होत्या. डॉक्टरांनी मागच्या फटीतून बॅटरी सरकवली, बटण दाबलं आणि गाडी उचलायला वाकले, तर बाईंनी त्यांचं मनगटच धरलं.

"जरा दम धरा. सुरू केल्यावर थोडा वेळ हात लावू नका तिला."

"का?"

"एकदा तरी माझं ऐका हो."

चार लोकांत कुठे वाद घाला! डॉक्टर थांबले. मग गाडी पट्ट्यावर ठेवली. पलीकडच्या पट्ट्यावर एका गॅरेजवाल्याची निळी गाडी होती. पिवळा दिवा लागला, पुन्हा पिवळा, आणि हिरवा.

कवळी सुटली. डॉक्टरांचं बोट चाकावर थरथरत होतं, त्यांना ते स्पष्ट जाणवत होतं, आणि गाडी? गाडी दोरी लावून ओढल्यासारखी सरळ! इकडे नाही, तिकडे नाही. निळी गाडी मागे पडली, कवळी रेषा ओलांडून पुढच्या जाळीत जाऊन थांबली, आणि डॉक्टर आ वासून जागच्या जागी उभे. लोकांनी टाळ्या वाजवल्या तेही त्यांना उशिरा कळलं. पुढच्या दोन्ही फेऱ्यांत पुन्हा तेच. मुलीचा चेहरा पांढराफटक पडला होता. बापाचा विजय बघून कुणी इतकं घाबरलेलं त्या मैदानानं कधी पाहिलं नसेल.

"अगं, हात बरा झाला माझा!" डॉक्टर तिला म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "तूच बघितलंस ना?"

"बघितलं," ती कशीबशी म्हणाली.

शेवटी गाडी तोलायची असते. काटेवाल्यानं काट्यावर ठेवली. "सोळाशे बावन्न. चालेल." त्यानं बाईंकडे बघून उगाच खाकरल्यासारखं केलं आणि गाडी परत दिली. डॉक्टर चमकले. बारा ग्रॅम जास्त? चाकांना पट्ट्यावरचा गोंद चिकटला असेल, असं त्यांनी मनाला सांगितलं. आनंदाच्या भरात माणूस मनाला काय वाटेल ते सांगतो.

घरी आल्यावर त्यांनी जाहीर केलं, "उद्या पहिला पेशंट माझा." मुलगी मान खाली घालून बसली. शब्द दिला होता. फिरवायचा कसा, आणि पाळायचा तरी कसा? तेवढ्यात बाई म्हणाल्या, "पहिली मी."

"कसली पहिली?"

"माझी दाढ. उद्या सकाळी. तुम्हीच करायची."

बाप-लेक दोघंही थक्क. मुलीनं आईचं कपाळ हात लावून बघितलं, ताप-बिप नव्हता. डॉक्टरांची छाती मात्र दोन इंच फुगली. इतकी वर्षं खुर्चीला घाबरणारी बायको, आणि आज ह्या हातावर एवढा भरवसा!

सोमवारी ते लवकरच खाली आले. दवाखाना उघडायला वेळ होता, म्हणून जिन्याखाली बसून त्यांनी कवळीची चाकं स्पिरिटनं पुसली. गोंदाचा कण ठेवला नाही. मग गाडी काट्यावर ठेवली. सोळाशे बावन्न.

त्यांनी स्क्रू काढले, टप उचलला. वरवर सगळं जागच्या जागी होतं. पण रिमोटचे संदेश पकडणारी डबी जराशी उंच बसली होती. ती त्यांनी उचकटली. खाली गुलाबी राळेचा एक चपटा खोका होता, इतका बेमालूम बसवलेला की सांगाड्याचाच भाग वाटावा. त्यातून तीन बारीक तारा निघत होत्या. डॉक्टरांनी खोका उघडला. आत जायरो.

म्हणजे ही हाताची करामत नव्हती. हात बरा झालाच नव्हता! त्यांनी खोका उलटा केला. खालची बाजू, जी गाडी मोडेपर्यंत कुणाला दिसली नसती, ती आरशासारखी चमकत होती. हे काम कुणाचं, हे त्यांना विचारावं लागलं नाही.

"बाबा," मुलीची हाक आली, "आई बसलीये खुर्चीत."

डॉक्टर खोका मुठीत धरून आत गेले. बाई आडव्या पडल्या होत्या. डोळे गच्च मिटलेले, तोंड उघडं, आणि खुर्चीचे हात इतके आवळून धरलेले की बोटं पांढरी पडली होती. मुलगी ड्रिलला टोक बसवत होती.

"हे काय आहे?" डॉक्टरांनी विचारलं.

बाईंनी एक डोळा उघडला. मग तोंड मिटलं.

"शनिवारी तुम्ही झोपला होतात," त्या म्हणाल्या. "काटेवाल्याकडून आणला. त्यानंच शिकवलं कसा लावायचा. सुरू झाल्यावर जरा वेळ गाडी हलवायची नसते, म्हणून तुमचा हात धरला."

"आई!" मुलगी ओरडलीच. "अगं, हे काय केलंस तू? बाबांनी आज कुणाच्याही तोंडात ड्रिल घातलं असतं!"

"कुणाच्याही नाही. माझ्या."

डॉक्टर बायकोकडे बघत राहिले, जणू पहिल्यांदाच बघत होते.

"तुला माहीत होतं," ते म्हणाले. "हात थरथरतोय हे तुला माहीत होतं, आणि तरी तू येऊन बसलीस?"

"म्हणून तर पहिली बसले." बाई म्हणाल्या. "तिकडे भिंतीवर आपटून, त्या टारगटांसमोर, पोरीसमोर कळायला नको होतं हो तुम्हाला. दीड वर्षं बघतेय मी, किती जीव लावलात त्या गाडीला. तिनं एकदा तरी सरळ जावं. आणि हाताचं काय ते इथं कळलं असतं. आपल्या घरात. माझ्या तोंडात."

"आणि मी गाल फाडला असता तर?"

"मग तुम्हीच शिवला असतात."

"ह्या हातानं?" डॉक्टरांना हसू आलं आणि त्याच दमात हुंदका आला. ते पेशंटजवळच्या छोट्या स्टुलावर मटकन बसले. "वेडी आहेस तू. ठार वेडी."

मुलगी ड्रिल घेऊन तशीच उभी होती. द्यावं की नाही, तिला कळेना. डॉक्टरांनी मान हलवली.

"तू कर," ते म्हणाले. "शब्द म्हणजे शब्द. सरळ मी नव्हती नेली."

"बाबा, घाई नाही..."

"कर म्हणतो ना! आणि मूळ आधी बघ दाढेचं, दोन वर्षांची कीड आहे."

बाई घाबरून मुलीकडे, मग नवऱ्याकडे बघायला लागल्या. "दुखेल का हो?"

"हात चांगला आहे तिचा," डॉक्टर म्हणाले. "माझ्यापेक्षा."

हे त्यांनी आजवर कधी म्हटलं नव्हतं. मुलीनं तोंड फिरवून डोळे पुसले, हात पुन्हा धुतले आणि दिवा खाली ओढला. बाईंनी नवऱ्याचा थरथरता हात आपल्या दोन्ही हातांत घट्ट धरला आणि तोंड उघडलं.