एका मापाच्या दोन वाट्या

श्रीनिवास आगाशे वजनमापे खात्यातून निरीक्षक म्हणून निवृत्त झाले, त्याला सहा वर्षं होत आली होती. पण खातं काही त्यांच्या अंगातून गेलं नव्हतं. बिबवेवाडीतल्या भाजीवाल्या त्यांना लांबून येताना पाहिलं की पारडी पुसायला घ्यायच्या. घरी दुधाची पिशवी आधी मापात ओतली जायची, मगच पातेल्यात. त्यांची पत्नी कुसुम एकदा वैतागून म्हणाली होती, "अहो, पोळ्यांचाही व्यास घ्या ना, राहून कशाला जायला पाहिजे?" श्रीनिवासरावांनी त्यावर खरोखरच एक पोळी मोजली होती. ती एका बाजूने पाव इंच जास्त भरली.

त्यांची एकुलती एक मुलगी तनया खराडीत नोकरी करत होती. तिथेच तिला सार्थक भेटला. तनयाचं ऑफिस ज्या इमारतीत होतं, त्या जागेवर पूर्वी सार्थकच्या वडिलांची, म्हणजे दत्तोबांची ज्वारी असायची. दत्तोबा हे पहिल्याच भेटीत इतक्या आनंदाने सांगत सुटले, जणू काही सून त्यांच्या शेतातच उगवली होती.

लग्न आठ दिवसांवर आलं होतं. मंगळसूत्राच्या दोन वाट्यांपैकी एक माहेरची आणि एक सासरची, ही रीत दोन्ही घरांना मान्य होती. लग्नाच्या याद्या करताना एवढ्या एकाच गोष्टीवर चर्चा झाली नव्हती. आणि चर्चा झाली नाही, म्हणूनच पुढचं सगळं झालं.

रविवारी सकाळी दत्तोबा पेढ्यांचा पुडा आणि मखमली डबी घेऊन आगाश्यांकडे आले. "आमची बावीसची आहे," म्हणत कुसुमने देवापुढचं तबक आणलं. तबकात एका बाजूला माहेरची वाटी होती, दुसऱ्या बाजूला दत्तोबांनी सासरची ठेवली. माहेरची वाटी तुरीच्या दाण्यापेक्षा थोडी मोठी होती. सासरची वाटी म्हणजे मधोमध फोडलेली सुपारी.

श्रीनिवासरावांनी खिशातून व्हर्नियर कॅलिपर काढला. तो त्यांच्या खिशात का होता, हे त्या घरात कोणी विचारत नसे.

"आठ मिलिमीटर," त्यांनी आपली वाटी मोजली. मग दुसरी. "आणि ही एकोणीस. दत्तोबा, आपण मंगळसूत्राची वाटी करायला टाकली होतीत की आमटीची?"

"आमच्याकडं येवढीच असती, सायेब," दत्तोबा शांतपणे म्हणाले. "लांबून दिसाया पायजे. तुमची बघायची तर चष्मा लागंल."

"सुबक आहे ती."

"सुबकच हाय. व्हमिओपाथीची गोळी बी सुबकच असती."

कुसुम हसू लपवायला पाणी आणायच्या निमित्ताने आत गेली. तनया चहाचा कप घेऊन बाहेर आली, तबकात डोकावली आणि तिने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं.

"बाबा, मी हे रोज ऑफिसला घालणार आहे. एकीकडे लिंबू आणि दुसरीकडे मोहरी घालून मी मीटिंगमध्ये बसायचं का? काका, तुम्ही आणि बाबा दोघं जा आणि काय ते सारखं करून आणा. लहान-मोठं तुम्ही ठरवा, पण सारखं." एवढं बोलून ती पार्लरच्या वेळेसाठी निघून गेली.

रविवार पेठेत दशरथ पोतदार नावाचे एक जुने सोनार होते. पहिल्या मजल्यावर दहा बाय दहाची खोली, बाहेर पाटीसुद्धा नाही. श्रीनिवासराव नोकरीत असताना दर वर्षी त्यांचा काटा तपासायला जायचे आणि काट्यात कधीच काही सापडलं नाही म्हणून थोडे हिरमुसून परतायचे. जगात विश्वास ठेवावा असा सोनार त्यांच्या लेखी तो एकच. तरी लेकीची वाटी त्यांनी एका मोठ्या पेढीतून घेतली होती, कारण तिथे कॅरेट निवडता येत होतं. ते पुढे येईलच.

दत्तोबांची गाडी एवढी मोठी की पेठेतल्या त्या गल्लीत ती शिरली असती, तर बाहेर काढायला समोरचं घर पाडावं लागलं असतं. त्यामुळे दोघं श्रीनिवासरावांच्या स्कूटरवर निघाले. दत्तोबांचं वजन शंभराच्या पुढे. स्कूटरचं पुढचं चाक जमिनीला जेमतेम टेकत होतं.

"सायेब, जमतंय ना?"

"आपण हलू नका म्हणजे जमेल."

स्वारगेटपर्यंत दत्तोबा खरंच हलले नाहीत. सिग्नलला मात्र त्यांना एक ओळखीचा माणूस दिसला आणि त्यांनी दोन्ही हात वर करून त्याला हाक मारली. स्कूटर तिथे तीन गाड्यांच्या शिव्या खाऊन पुढे निघाली.

दशरथ पोतदारांनी दोन्ही वाट्या हातात घेतल्या. मोठी वाटी आधी काट्यावर ठेवली, आकडा पाहिला आणि भुवई उंचावली. मग तिच्यावर नखाने टिचकी मारली. आवाज आला तो बद्द. त्यांनी दत्तोबांकडे पाहिलं. दत्तोबा खिडकीबाहेर पाहायला लागले.

"मालक, आत लाख भरलीय," दशरथ म्हणाले. "वरून सोन्याचा पातळ पत्रा, मागून झाकण. बांधणी चांगली आहे हो, वाईट नाही. तुमच्या पुतळ्या, ठुशीचे मणी असेच लाखेवर करतात. दिसायला दणदणीत, वजनाला हलकं."

श्रीनिवासरावांच्या आतला निरीक्षक तीस वर्षांच्या सवयीने ताडकन उभा राहिला. एकोणीस मिलिमीटर! आणि आत लाख! त्यांना मनातल्या मनात पंचनाम्याचा कागदही दिसायला लागला. "म्हणजे दत्तोबा," ते गोड आवाजात म्हणाले, "लांबून दिसायला पाहिजे म्हणालात, ते अगदी खरं होतं. जवळून पाहण्यासारखं त्यात काही नव्हतंच."

शंभर किलोचा माणूस त्या स्टुलावर एकदम लहान दिसायला लागला.

"सार्थकच्या आयला, शालूला, म्होटी पायजे व्हती," ते हळू म्हणाले. "तिच्या जावांच्या सुनांना तशाच हायेत. अन् सोन्याचा भाव तर तुमाला ठावं हाय. लोकास्नी वाटतं, खराडीची जमीन म्हंजी घरात पोती भरून ठेवल्यात. जमीन चार भावांत गेली, सायेब. माज्या वाटचं व्हतं ते घरात अन् गाडीत गेलं. सोनार म्हणला, लाखेवर करून देतो, कुनाला कळत न्हाई. शालूला बी म्या सांगितलं न्हाई."

श्रीनिवासरावांच्या जिभेवर आणखी एक वाक्य तयार होतं. चांगलं होतं ते वाक्य. पण ते बाहेर पडेना.

तेवढ्यात दशरथांनी काळा कसोटीचा दगड काढला आणि दोन्ही वाट्या त्यावर शेजारी शेजारी घासल्या. दोन पिवळ्या रेघा उमटल्या. त्यावर त्यांनी आम्लाचा एक एक थेंब सोडला. मोठ्या वाटीची रेघ तशीच राहिली. छोट्या वाटीची फिकट होत गेली.

"लाख असली तरी ह्यांचा पत्रा बावीस कॅरेटचा आहे," दशरथ म्हणाले. "साहेब, तुमची वाटी अठराची. चोवीस भागांत सहा भाग तांबं-चांदी."

"मला माहीत आहे," श्रीनिवासराव ताठ बसून म्हणाले. "मी मुद्दामच घेतली. रोजच्या वापराला अठरा कॅरेट जास्त कणखर. शुद्ध सोनं मऊ असतं, झिजतं. हा विचारपूर्वक घेतलेला निर्णय आहे."

"मंग वैनींनी मगाशी 'आमची बावीसची हाय' असं का सांगितलं?" दत्तोबांनी विचारलं.

श्रीनिवासरावांनी चष्मा काढून पुसला. "तिने मला कॅरेट विचारलं नव्हतं."

दत्तोबांचं पोट आधी हललं, मग खांदे, आणि मग ते एवढ्या मोठ्याने हसले की शेजारच्या खोलीतली ठोकाठोक थांबली. "म्हंजी आमच्यात लाख अन् तुमच्यात तांबं! लई भारी घरं जुळली, सायेब!"

श्रीनिवासरावांनी हसू दाबायचा प्रयत्न केला. तो फसला.

तोडगा दशरथांनी काढला. मोठीतली लाख काढायची, दोन्हींचं सोनं एकत्र वितळवायचं आणि एकाच पत्र्यातून दोन सारख्या वाट्या काढायच्या. अडचण एकच. अठराचं आणि बावीसचं मिसळलं तर कस वीसच्या आसपास यायचा. बावीसवर न्यायचा तर थोडं चोख सोनं घालायला हवं होतं. श्रीनिवासरावांनी पाकिटातल्या बिलाच्या पाठीवर हिशेब मांडला आणि गुंजभरसुद्धा चूक न करता सांगितलं, किती. मग त्यांची नजर स्वतःच्या उजव्या हाताकडे गेली.

तिथे वेढं होतं. चोख सोन्याची तार बोटाभोवती तीनदा फिरवलेली, ना खडा, ना नक्षी. लग्नात सासऱ्यांनी घातलेलं. पस्तीस वर्षांत ते बोटातून निघालं नव्हतं, आणि आता बोट जाड झाल्यामुळे निघण्यासारखंही नव्हतं.

"कस माझ्यामुळे उतरतोय," ते म्हणाले. "भर मीच घालतो."

"अवो सायेब, ऱ्हाऊ द्या. म्या बघतो कायतरी."

"आपण गप्प बसा. हलू नका म्हटलं तर सिग्नलला हललात, आता तरी हलू नका."

दशरथांनी चिमट्याने तारेचं टोक उचललं. चोख सोनं ते, लोण्यासारखं वळलं. बोटावरून एक फेरा सुटला, तेवढा त्यांनी कात्रीने कापून घेतला आणि उरलेले दोन फेरे पुन्हा दाबून बसवले. बोटावर पांढरट खाच दिसायला लागली. श्रीनिवासराव त्या खाचेवर अंगठा फिरवत राहिले.

मोठ्या वाटीचं झाकण उघडून गरम केल्यावर लाख पाघळली आणि खोलीत चरचरीत, गोडसर वास पसरला. दत्तोबांनी नाकाला रुमाल लावला. मग मुशीत, म्हणजे त्या मातीच्या बोटभर भांड्यात, दोन्ही वाट्यांचं सोनं आणि वेढ्याचा तुकडा पडला. वरून चिमूटभर टाकणखार. ज्योत निळी झाली. तुकडे आधी काळवंडले, मग लाल झाले, मग एकमेकांना चिकटून बसले आणि बघता बघता त्यांचा एकच गोल, थरथरता थेंब झाला. दोघंही पुढे वाकून पाहत होते. चष्म्यावर झळ आली तरी श्रीनिवासराव मागे सरले नाहीत.

नेमका तेव्हाच दत्तोबांचा फोन वाजला. शालूबाईंचा आवाज असा की स्पीकर लावायची गरज नव्हती.

"सार्थक म्हंतोय, वाटी मोडाया घेऊन गेलाय? आपली? कशापायी? येवढी झाक वाटी व्हती! त्यांची बारकी हाय तर त्यांनी म्होटी करावी की!"

दत्तोबांच्या कपाळावर घाम आला. ते नुसतेच "अगं... त्याचं काय झालं..." करत राहिले. श्रीनिवासरावांनी हात पुढे केला आणि फोन घेतला.

"वहिनी, मी आगाशे बोलतोय. दत्तोबांचा यात काही दोष नाही. आपली वाटी चांगलीच होती. मीच हट्ट धरला. आमच्या मुलीची मान बारीक, तिला तेवढं वजन पेलायचं नाही, म्हणून लहान करायला लावली."

"वजन लई व्हतं व्हय?" शालूबाईंचा सूर बदलला. त्यात रागापेक्षा अभिमान जास्त होता.

"भरपूर," तीस वर्षं वजनमापे खात्यात काढलेले श्रीनिवासराव म्हणाले.

फोन परत देताना त्यांनी दत्तोबांकडे पाहिलं नाही. दत्तोबांनी रुमालाने कपाळ पुसलं. दशरथ मुशीवर वाकून होते. त्यांनी काही ऐकलं असेल तर चेहऱ्यावर दिसलं नाही.

बाकीचं काम दुपारपर्यंत चाललं. सोनं ओतून, ठोकून, रुळातून काढून पत्रा झाला. त्यातून दोन चकत्या कापल्या. गोल खळगे असलेल्या पितळी ठोकळ्यावर एकेक चकती ठेवून दशरथांनी वरून गोल तोंडाचा ठसा हलक्या हाताने मारला आणि चकती खळग्यात बसत बसत वाटी झाली. कड्या झाळल्या, वाट्या रिठ्याच्या पाण्यात घासल्या. दोन्ही अकरा मिलिमीटर. दत्तोबांनी मध्येच खाली जाऊन भजी आणली आणि श्रीनिवासरावांना बजावलं, "ही मोजायची न्हाईत. खायची."

घरी आल्यावर कुसुमने वाट्या पाहिल्या, तनयाला दाखवल्या, तनयाने "परफेक्ट" म्हणून फोटो काढला आणि फोटो सार्थककडे गेला. रात्री जेवताना कुसुम भात वाढता वाढता थांबली.

"हात बघू. माझ्या वडिलांनी तीन फेऱ्यांचं वेढं घातलं होतं."

श्रीनिवासरावांना अठरा कॅरेटचं सगळं सांगावं लागलं. सांगताना त्यांचा ताठा बराच कमी होता. कुसुमने ऐकून घेतलं.

"अठराची वाटी आणि मला पत्ता नाही. बरं. एक फेरा लेकीच्या गळ्यात गेला, ते मला चालेल," ती म्हणाली. "पण एक सांगा. त्यांची एवढी थोरली वाटी त्यात घातली, तरी अकराच मिलिमीटर कसे झाले? सोनं गेलं कुठे?"

श्रीनिवासरावांनी ताटातला भात नीट कालवला.

"मी मोजलं नाही," ते म्हणाले.

कुसुम त्यांच्याकडे बराच वेळ बघत राहिली. मग तिने त्यांच्या भातावर तुपाची आणखी एक धार सोडली.

लग्न थाटात झालं. जेवणाच्या पंगतीत शालूबाई आपल्या जावांना हात हलवून हलवून सांगत होत्या, "आमची वाटी अशी व्हती, ह्ये येवढी! पर व्याही लई हट्टी मानूस, ऐकतच न्हाई!" जावा माना वळवून वळवून त्या हट्टी माणसाकडे बघत होत्या. श्रीनिवासरावांनी एकदाही मान वर केली नाही. त्यांच्यापुढे दत्तोबा स्वतः जिलब्या वाढत होते. चार वाढल्या, पाच वाढल्या.

"बास, दत्तोबा, बास."

"हट्टी मानसाला बास म्हणायचा अधिकार नसतो," दत्तोबा म्हणाले आणि त्यांनी सहावी वाढली.