ताय पाल

जयवंती वाघाला भ्यायली नसती, पण पालीचं नाव काढलं की तिचे पाय जमिनीवर ठरत नसत. अशा बाईने चेन्नईत बाळंत व्हावं हा दैवाचाच चावटपणा! २००४ साली नवऱ्याच्या रेल्वेतल्या बदलीमागून ती साताऱ्याहून आली. सामानाची खोकीसुद्धा उघडली नव्हती, तोच दिवस भरायच्या आत कळा सुरू झाल्या. तिची आई अजून गाडीत होती.

एग्मोरच्या त्या इस्पितळात तेव्हा संशोधन चाललं होतं : जन्मल्या जन्मल्या बाळाला अंगावर पाजलं, तर मायलेकरांच्या तब्येतीला किती गुण येतो? नर्स बाळ घेऊन आली आणि गोड हसून म्हणाली, "ताय पाल!"

तमिळमध्ये ताय म्हणजे आई आणि पाल म्हणजे दूध. जयवंतीला ऐकू आलं, "ताई, पाल!"

"अगं आई गं! कुठंय?" म्हणत ओली बाळंतीण खाटेवर उभी राहिली. नर्स बाळाला घेऊन मागच्या मागे पळाली. पुन्हा आली, पुन्हा तेच.

मग संशोधनाच्या प्रमुख डॉक्टर अंबुजा आल्या. त्यांना मराठी येत नव्हतं, हिला तमिळ. इंग्रजी दोघींना, आपापल्या परीने.

"पाल... यू आर अफ्रेड?"

"व्हेरी! फ्रॉम चाइल्डहुड. माय मदर ऑल्सो!"

अंबुजाबाईंचे डोळे लकाकले. दुधाला भिणारी आई, आणि तेही आनुवंशिक! "डोन्ट वरी. नो पाल," त्या म्हणाल्या. जयवंतीने हात जोडले. किती समजूतदार बाई! बाळाला काचेपलीकडच्या खोलीत नेलं, तेव्हाही तिला वाटलं, इथे पाली पडतात म्हणूनच नेलं असेल.

पण पान्हा दाटला, बाळ टाहो फोडू लागलं, आणि काचेतून दिसलं की नर्स पावडरच्या दुधाची बाटली हलवतेय. जयवंती खाटेवरून उतरली. माझं लेकरू बाटलीला का? ती भिंत धरून दारापर्यंत गेली. दाराच्या कडीवर खरीखुरी पाल बसली होती.

या खेपेला ती पळाली नाही. डोळे मिटून, दोन्ही हातांनी दार बडवत किंचाळली, "पाल! पाल! पाल!"

सगळं इस्पितळ धावलं. आई दूध मागतेय! कुणी तिला बसवलं, कुणी बाळ छातीशी दिलं. पठ्ठ्याने तोंड लावलं ते सोडेचना. नर्सने त्याच्या ओठावरचा पांढरा थेंब दाखवला आणि डोळे पुसत म्हणाली, "पाल."

तेव्हा कुठे जयवंतीच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. तिने थेंब पाहिला, अंबुजाबाईंकडे पाहिलं, आणि रडता रडता खो खो हसत सुटली.

तेवढ्यात दारात आई, हातात डिंकाच्या लाडवांचा डबा.

"आई, पाल आली गं! भरपूर आली!"

डबा खाली, आई डॉक्टरांच्या खुर्चीवर.

अंबुजाबाईंनी नर्सचा हात गच्च धरला. "मदर ऑल्सो!"