हिरवं ग्रीस

“बंद कर तो पंप! हबात पाणी घालतोयस, हबात!”

हे आतून ओरडले, पण भाऊजींनी पंप काही बंद केला नाही. भाड्याने दिलेल्या डोंगरी सायकली चिखलाने माखून परत आल्या की माझे दीर त्या दुकानापुढे ओळीने उभ्या करतात आणि प्रेशरच्या पंपाने धुतात. सायकल नव्यासारखी लखलखते. गिऱ्हाईक खूश, भाऊजी खूश. फक्त ह्यांच्या तळपायाची आग मस्तकात जाते. कारण तो फवारा चाकाच्या मधोमध, हबावर बसला की पाणी आत घुसतं, ग्रीस पांढरं पडतं आणि आतले छर्रे गंजायला लागतात.

दुकान दोघा भावांचं. हे आत दुरुस्ती करतात, भाऊजी बाहेर गिऱ्हाइकं सांभाळतात आणि मी गल्ल्यावर बसून दोघांची भांडणं ऐकते. भाऊजींचं म्हणणं, आता सगळीकडे सीलबंद बेअरिंगचे हब घालू. बिघडलं की बेअरिंग फेकायचं, दुसरं ठोकायचं. ह्यांचं म्हणणं, जो उघडून, पुसून पुन्हा भरता येत नाही तो हब नव्हेच, डबा आहे. आणि हब भरावा तो ह्यांनीच. छर्रे बसवायचे, हिरवं ग्रीस भरायचं, आणि कोन, म्हणजे छर्र्यांना टेकणारा शंकूसारखा नट, आवळताना डोळे मिटून चाकाचा मधला दांडा, ॲक्सल, दोन बोटांत फिरवत राहायचं. हललाही नाही पाहिजे आणि अडलाही नाही पाहिजे. बोटांना पटेपर्यंत हे चाक खाली ठेवत नसत. आमच्या घरात उतारावर जाणारं चाक दुसऱ्या कुणाच्या बोटांवर कधी सोडलेलं नाही.

एवढ्यात भिंगरी आली. ही भाऊजींची मुलगी. एका जागी ठरत नाही म्हणून लहानपणापासून भिंगरी. रविवारी तिची डोंगरउताराची शर्यत होती आणि तिच्या सायकलचं पुढचं चाक ह्यांनीच नुकतं भरून दिलं होतं.

“काका, पुढचं चाक अडकत अडकत फिरतंय. उतारावर हँडलमध्ये जाणवतं.”

ह्यांना तेवढंच हवं होतं.

“ऐकलंस? तुझ्या बापाचे प्रताप! धुऊन धुऊन पोरीच्या जिवावर उठलाय!”

“दादा, तिची सायकल मी धुतच नाही. ती हात लावू देते का मला?”

“खोटं बोलू नकोस! आत्ता उघडून दाखवतो. पांढरं ग्रीस निघालं की तुझ्याच तोंडाला फासतो.”

आता मात्र भाऊजींनी पंप बंद केला. गिऱ्हाइकंही माना लांब करून आत डोकावली. ह्यांनी चाक काढून बाकावर आडवं टाकलं. लॉकनट सोडवताना पाना हातातून सटकला, त्यालाही शिव्या बसल्या. मग कोन बाहेर आला.

ग्रीस हिरवंगार होतं. पाण्याचा थेंब नाही. पण कोनावर, जिथून छर्रे फिरतात तिथे, बारीक खड्ड्यांची रेघ उठली होती. इतकी वर्षं गल्ल्यावर बसून एवढं मलाही कळतं. हे पाण्याचं काम नव्हतं. कोन जास्त आवळला गेला होता.

“पोलादच भिकार आहे हल्लीचं,” हे म्हणाले. मग भिंगरीकडे वळले. “आणि ही! दगडधोंड्यांवरून आपटत नेते, मग काय होणार?”

पोरीचा चेहरा उतरला. माझ्या डोक्यात तिडीक गेली. आणि एकदम आठवलं, परवाच ह्यांनी चुलीवरचं पातेलं उघड्या हातांनी उतरवलं होतं. बोटांना फोड आले तरी पत्ता नव्हता. ‘घाई आहे, घाई आहे’ म्हणत शर्टाची बटणं हल्ली रोज माझ्याकडून लावून घेत होते. मी बावळट, मला लाड वाटले होते ते.

“नंतर या,” म्हणून मी गिऱ्हाइकांना बाहेर काढलं आणि बाकाशी गेले.

“डोळे मिटा. हात पुढे करा.”

“हा काय पोरखेळ?”

“मिटा म्हणते ना!”

मी ह्यांची दोन बोटं धरली, चिमटीसारखी जुळवली. “छर्रा आहे का बोटांत?”

“आहे की.”

छर्रा माझ्या मुठीत होता. ह्यांनी डोळे उघडले, आपल्या रिकाम्या चिमटीकडे पाहिलं आणि माझ्यावर खेकसले, “ह्या दोघांसमोर करायची गरज होती?”

“पोरीवर तर गिऱ्हाइकांसमोर ढकललंत ना? कधीपासून कळत नाहीये?”

ह्यांनी दोन्ही हात पाठीमागे नेले. मला वाटलं, आता भाऊजी हसतील. हसले असते तर तोच पाना मी त्यांच्या डोक्यात घातला असता. ते हसले नाहीत. त्यांनी ओले हात विजारीला पुसले, खणातून नवा कोन आणि छर्रे काढले आणि स्टूल ओढून बाकाच्या पलीकडे बसले.

“दादा, तू पाना धर. ॲक्सल मी धरतो.”

“तुला काय कळतंय त्यातलं? पाणक्या!”

“तूच शिकवलंयस.”

दातओठ खात ह्यांनी हब पुसला, छर्रे बसवले, ग्रीस भरलं. पाना लावून कोन थोडा आवळला. भाऊजींनी ॲक्सल फिरवला.

“हलतोय अजून.”

आणखी थोडा.

“आता?”

ॲक्सल फिरवत भाऊजी ह्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिले, उत्तर तिथेच लिहिलेलं असावं तसे.

“माझ्या थोबाडाकडे काय बघतोस, गाढवा? डोळे मीट!”

भाऊजींनी डोळे मिटले. ह्यांचे उघडेच होते, धाकट्या भावाच्या दोन बोटांवर खिळलेले.