घराच्या अलीकडे

आयर्लंडच्या किलिबेग्स बंदरावर नव्या ड्रायव्हरची गाडी सगळ्यात शेवटी भरतात. असा नियम कुठे लिहिलेला नाही, पण तुम्ही नवे असलात की तो आपोआप कळतो. मी मध्यरात्रीच जाऊन उभा राहिलो होतो. जुने ड्रायव्हर माझ्या मागून यायचे, फोर्कलिफ्टवाल्याला नावाने हाक मारायचे, बांगडा भरून चालू पडायचे. माझी गाडी भरेपर्यंत दुपार व्हायला आली. आणि नुसतं बसून काढलेला वेळही कायदा कामातच धरतो. गाडीतल्या यंत्रात माझं कार्ड असतं, ते सगळं मोजतं, आणि दिवसाचे ठरलेले तास भरले की पुढे चालवता येत नाही. चाक फार फिरलं नाही तरी माझा दिवस संपला, आणि संपला तो नेमका ड्रमकीलच्या अलीकडे. ड्रमकील म्हणजे माझं गाव.

मी मॅलकीला फोन लावला. कुठली गाडी कधी आणि कुठे जाणार हे कंपनीत तो ठरवतो.

"तास संपले रे. रस्त्याकडेला लावलीय. घर इथून मैलभरावर आहे, चालत जाऊन येतो."

"आणि मागचं थंडीचं मशीन बंद पडलं तर? बांगड्याला वारा घालायला तुझा सासरा बसणार का?"

"सासरा वारला माझा."

"मग तर प्रश्नच मिटला. गाडी सोडायची नाही, फेर्गल. अजून कच्चा आहेस, पहिले सहा महिने गुमान काढ. झोप तिथेच."

अडला हरी, दुसरं काय. आमच्याकडचा पीटचा कारखाना बंद पडला तेव्हा मी चाळिशी ओलांडली होती. जन्मभर दलदलीतून जळण काढलेला माणूस, त्याला कोण विचारतो? लायसन्स काढलं, पण अनुभव नसलेल्या ड्रायव्हरला बहुतेक कंपन्या दारात उभं करत नाहीत, आणि ज्या करतात त्या देतील तो पगार. घरात खाणारी तोंडं पाच, बायको डर्व्ला, दोन मुलं, डर्व्लाची आई आणि मी. त्या पगारात घराचा हप्ता जातो आणि संपलं. वाणसामान, हिवाळ्यात घर तापवायचं तेल, मुलांचे बूट हे सगळं बाहेर काढलेल्या रात्रींच्या भत्त्यावर चालतं. म्हणून मी फ्रान्सची फेरी मागून घेतो. जितका घरापासून लांब, तितकं घर बरं चालतं. हा हिशोब कुणी लावला त्याला एकदा भेटायचंय मला.

आता तुम्ही म्हणाल, गाडी सोडता येत नाही तर बायकोला बोलावून घे. तेच तर करता येत नव्हतं.

वसंतात एकदा मी असाच इथे थोडा वेळ थांबलो होतो. डर्व्ला मुलांना गाडीत घालून घेऊन आली. चहा झाला, सँडविच झाली, मुलं केबिनमधल्या माझ्या बिछान्यावर उड्या मारून झाली. निघायची वेळ झाली तेव्हा धाकट्या टाइगने गाडीच्या पायरीची दांडी धरली. चार वर्षांचं पोर, पण बोटं एकेक करून सोडवावी लागली. रात्री फोनवर डर्व्ला म्हणाली, "यायचं तर राहायला ये, फेर्गल. असा उभ्या उभ्या येऊ नकोस. तू जातोस निघून, इथे निस्तरायचं मला असतं. मुलांना नाही झेपत हे."

तिचं चुकीचं नव्हतं. म्हणून त्या दुपारी मी कळवलं नाही. पावाबरोबर गार सॉसेज खाल्लं आणि काचेतून बाहेर बघत बसलो. झाडांच्या पलीकडे चर्चचा कळस दिसत होता, त्याच्या खाली उतरलं की आमची गल्ली. पार सिसिलीला गेलेल्या ड्रायव्हरलासुद्धा त्या दिवशी माझ्याइतकं एकटं वाटलं नसेल. त्याला निदान घर दिसत नाही.

तेवढ्यात शाळेची बस आली. ती माझ्या लक्षातच नव्हती. खिडकीला क्लोदा होती, माझी थोरली, आठ वर्षांची. माझ्या गाडीकडे बघून तिने हात हलवला. मी चोरासारखा पडदा ओढून घेतला. बस गेल्यावर मला स्वतःचीच शिसारी आली.

संध्याकाळी रोजच्यासारखा फोन केला. क्लोदाने उचलला.

"डॅडी, कुठे आहेस?"

"रॉसलेअर बंदरावर. बोटीची वाट बघतोय."

"आज मी तुझ्यासारखीच गाडी बघितली! सेम निळी. मी हात केला तर त्या माणसाने पडदाच लावला. आगाऊ!"

"झोपायचं असेल बिचाऱ्याला."

"मी मम्मीला सांगितलं, डॅडीच असेल. तर ती म्हणाली, छे, डॅडी एवढ्या जवळ असता तर घरी आला नसता का?"

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण दिवसभर गप्प बसलेला माणूस आणखी किती गप्प बसणार?

"क्लोदा, तो मीच होतो."

ती म्हणाली, "मग पडदा का लावलास?"

"तुम्ही रडता ना, मी निघालो की. म्हणून."

"मी कुठे रडते? मी काय लहान आहे? टाइग रडला होता, पण त्याला बिस्किट दिल्यावर गप्प बसला." मग आवाज बारीक करून म्हणाली, "रडते ती मम्मी. बाथरूममध्ये नळ सोडून. आम्हाला वाटतं अंघोळ करतेय, पण केस कोरडेच असतात."

मागे भांडी विसळल्याचा आवाज येत होता, तो थांबला. म्हणजे फोन स्पीकरवर होता.

"मम्मीला दे," मी म्हणालो.

"नाही देता येत. ती कोट घालतेय," क्लोदा म्हणाली. "आणि आजीला सांगतेय, मुलांकडे बघ, मी एकटीच जाऊन येते."