करंट आला का?

फोरमन मोटारसायकलला किक मारायचे आणि बायकोला विचारायचे, "करंट आला का?"

मागच्या अंगणात ती स्टुलावर बसलेली असायची, इंजिनाकडे तोंड करून. प्लग बाहेर काढून, वायरीला लावून इंजिनाच्या धातूवर टेकवलेला. किक बसली की प्लगच्या टोकाला निळी ठिणगी उडायला हवी. ती उडाली की नाही, एवढंच तिने सांगायचं.

कारखान्यातून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी फोरमन हुकूम सोडायचे काही थांबले नव्हते. मोटारसायकल त्यांच्या संसाराच्या वयाची होती. दोन्हींपैकी एकालाही कधी मेकॅनिक लागला नाही, असं ते चारचौघांत सांगायचे आणि ती तोंडाला पदर लावून हसायची.

आता त्यांच्या नजरेच्या मधोमध एक डाग बसला होता. समोरचं नेमकं तेवढंच पुसलं जायचं. डॉक्टरांनी गाडी बंद करा म्हणून सांगितलं, तर हे म्हणाले, त्या डॉक्टरच्या खोलीतच उजेड कमी आहे. मग एका सकाळी त्यांनी उभ्या हातगाडीवर मोटारसायकल घातली. हातगाडीच्या आडोशाला एक मूल खेळत होतं, ते थोडक्यात वाचलं. मागे बसलेल्या तिने ते पाहिलं होतं, त्यांनी नाही. "ब्रेक लागला नाही," ते म्हणाले. ब्रेक लावायला आधी हातगाडी दिसावी लागते, हे तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. तिने ते गिळलं.

त्यानंतर गाडी आपणहूनच बंद पडली. तिला बरंच वाटलं. त्यांनी करंट तपासायला घेतला तेव्हा तिचं पहिलं "नाही" अगदी खरं होतं. मग त्यांनी करंटची उघडझाप करणारे पॉइंट पॉलिश पेपरने घासले, बोटांनी चाचपत फट जुळवली आणि किक मारली. निळीशार ठिणगी उडाली.

"आला का?"

"नाही," ती म्हणाली.

शब्द तोंडातून निघून गेला होता. फोरमन "हं" म्हणाले आणि पुन्हा पान्याला हात घातला. बायकोच्या शब्दावर शंका घ्यायची, हे त्या माणसाच्या डोक्यातच आलं नाही. करंट आल्याशिवाय प्लग परत बसवायचा नाही, हा त्यांचा जुना नियम. त्यामुळे चोरी पकडली जायचीही भीती नव्हती.

तिला वाटलं होतं, कंटाळतील आणि सोडून देतील. पण त्यांनी कंडेन्सर बदलला, कॉइल बदलली, बॅटरीला बल्ब लावून एकेक वायर तपासली. प्रत्येक वेळी ठिणगी उडायची आणि प्रत्येक वेळी ती नाही म्हणायची. आधी त्यांनी दुकानदाराला शिव्या दिल्या, मग बॅटरीला. मग शिव्या थांबल्या.

"हातच गेले गं माझे," एका दुपारी ताटावर बसून ते म्हणाले. "पॉइंटची फट डोळे मिटून लावायचो मी."

शेजारीण मिक्सर दुरुस्तीला घेऊन आली, तर उघडूनही न बघता त्यांनी परत पाठवला. दुसरीकडे दाखवा म्हणाले. ती स्वयंपाकघरात ओट्याला धरून उभी राहिली. तिला फक्त गाडी थांबवायची होती, आणि इथे तिने नवऱ्याचा हातांवरचा विश्वासच घालवला होता. स्वतःची तिला किळस आली.

उद्या आला म्हणून सांगायचं, तिने ठरवलं. पुढचं पुढे बघू.

पण दुसऱ्या दिवशी फोरमननी तिला स्टुलावर बसायला सांगितलंच नाही. प्लग बाजूला ठेवून त्यांनी वायरीचं उघडं टोक चिमटीत धरलं.

"डोळ्यांना नाही तर हाताला कळेल."

"अहो, नको! थांबा, मी सांगते—"

त्यांनी किक मारली. हात खांद्यापर्यंत उडाला आणि वायर खाली पडली.

ती जागच्या जागी थिजली. ते कोपर चोळत उभे राहिले. मग नेहमीच्याच आवाजात त्यांनी विचारलं, "करंट आला का?"

"आला," ती म्हणाली. तिला रडू फुटलं. "पॉइंट घासलेत तेव्हापासून येतोय. रोज येतोय. मीच खोटं बोलले."

त्यांनी ओरडायला हवं होतं. वायर फेकली असती, चार दिवस अबोला धरला असता, तरी तिला चाललं असतं. ते वाकून बोटांनी पॉइंट चाचपू लागले.

"म्हणजे पॉइंट मी बरोबर लावले होते," ते म्हणाले.

"अगदी बरोबर."

"आणि त्या हातगाडीमागे कोणी होतं का?"

"मूल होतं. लहान."

फोरमननी गाडीची किल्ली काढून तिच्या हातावर ठेवली.

"तो मिक्सर परत मागव," ते म्हणाले. "हात शाबूत आहेत. डोळे तुझे घेईन. पण आता दिसेल ते खरं सांगायचं."

"हो."

ते बसायला स्टूल चाचपू लागले. त्यांचा हात भलतीकडेच फिरत होता. एरवी तिने गुपचूप स्टूल हाताखाली सरकवलं असतं.

"तिथे नाही," ती म्हणाली. "जरा डावीकडे."